नऊ कोरे फोटो

टेबलावर तीन ट्रिगर होते, एकाच बनावटीचे तीन कॅमेरे, तीन ट्रायपॉड, सहा मेमरी कार्डं, एक व्हिडिओ कॅमेरा आणि चार्जरच्या वायरींचा एक गुंता. सगळं मी दोनदा मोजलं. पहिल्या ट्रिगरच्या डब्याला दोन स्क्रू होते. दुसऱ्याला एकही नव्हता, नुसती प्लास्टिकची खिटी होती. तिसऱ्याला चार स्क्रू होते आणि चारही स्क्रूंच्या खाचा काळ्या लाखेने बुजवलेल्या होत्या.

तिसरा ट्रिगर माझ्या दाजींनी बनवला होता.

आमच्या हवामान केंद्राला विजांचे फोटो हवे होते, तेही दिवसाउजेडी. अंधारात ते सोपं असतं. शटर उघडं ठेवून बसायचं, वीज स्वतःच स्वतःचा फोटो काढते. उजेडात तसं केलं तर नुसता पांढरा कागद हाती येतो. म्हणून ट्रिगर लागतो. हा एक छोटा डबा असतो. त्याच्या डोळ्याला आभाळात अचानक लखलखाट दिसला की तो कॅमेऱ्याला सांगतो, काढ फोटो. डबा कितीही चपळ असला तरी कॅमेऱ्याला शटर उघडायला वेळ लागतोच, आणि तोवर पहिला लोळ संपलेला असतो. पण बरेचदा वीज त्याच वाटेने पुन्हा उतरते, दोनदा, तीनदा, कधी पाचदाही. आपल्याला ती एकच वाटते. ट्रिगरला जे सापडतं ते हे नंतरचं उतरणं. म्हणजे सगळा खेळ उशीर किती कमी, याचा.

आमच्या अटींच्या कागदावरून तिघांनी हे ट्रिगर पाठवले होते. तिन्हींतून एक निवडायचा होता. आमच्या साऱ्या उपकेंद्रांवर मग तोच बसणार होता. चाचणीचं काम बाईंनी मला दिलं. बाई म्हणजे केंद्राच्या प्रमुख. त्यांना सगळे बाईच म्हणतात, त्यांच्या तोंडावरही.

"तिसरा माझ्या मेहुण्यांचा आहे," मी आधीच सांगून टाकलं.

"ठाऊक आहे. म्हणून तर तुला देतेय." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "दुसरं कुणी त्याला संशयाचा फायदा देईल. तू देशील?"

घरात मला 'शंका' म्हणतात. हे नाव दाजींनीच ठेवलं, लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले तेव्हा. मी त्यांना विचारलं होतं, पगाराची नोकरी असताना रोज दुपारी घरी कसे असता? ते हसून म्हणाले, "ही मोठी शंका आहे. हिला धाकटी बहीण असती तर तिला काय म्हटलं असतं?" बाबांना इतका ठसका लागला की ताईला पाणी आणावं लागलं.

गेल्या वर्षी दाजींनी लिफ्ट दुरुस्तीची पक्की नोकरी सोडली आणि घराखालच्या गाळ्यात हा ट्रिगर बनवायला घेतला. ताईने होकार दिला होता. "दोनदा विचार करून हो म्हटलंय," ती मला म्हणाली होती, "तिसऱ्यांदा करायला लावू नकोस."

बाईंचा नियम साधा होता. जो जास्त विजा पकडेल तो घ्यायचा. आणि कुणी लबाडी केलेली आढळली, तर मी तसं लेखी द्यायचं. मग त्या माणसाची वस्तू कुठल्याही केंद्राच्या दारात पुन्हा येणार नाही, दर वर्षी नवी सुधारून आणली तरी. दाजींच्या हातात दुसरं काहीच नव्हतं. हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही.

"डबा उघडून बघायचाय," मी त्यांना फोनवर म्हटलं.

"उघडायचा नाही."

"का?"

"चालतो की नाही ते बघ. आत काय आहे ते कशाला?"

"आत काही आहे ना पण?"

"शंके, फोन ठेव. पोळी करपतेय."

आधी मी अंधाऱ्या स्टोअरमध्ये उशीर मोजला. शंभर बारीक दिव्यांची पट्टी बनवली. फ्लॅश उडाला की पहिला दिवा लागायचा, मग दर मिलिसेकंदाला पुढचा. फोटोत जो दिवा पेटलेला दिसेल, तितका उशीर. पहिला ट्रिगर परदेशी होता. त्याचा अठ्ठावन्नावा दिवा आला. दाजींचा एकसष्टावा. दुसऱ्याच्या फोटोत एकही दिवा पेटलेला नव्हता, पट्टी संपून गेली होती. तो ट्रिगर स्वस्त होता एवढंच त्याच्याबद्दल सांगता येईल.

परदेशी ट्रिगरचा विक्रेता मोजणी पाहायला हजर होता. उकाड्यातही त्याच्या अंगात कोट असायचा, म्हणून आमच्याकडे त्याचं नाव कोटवाला पडलं होतं. त्याने दाजींचा डबा हातात घेतला, स्क्रूंवरची लाख नखाने खरवडली आणि हळूच म्हणाला, "मॅडम, लपवण्यासारखं काही असल्याशिवाय माणूस लाख लावतो का हो?"

मी डबा त्याच्या हातातून काढून घेतला. पण मलाही तोच प्रश्न पडला होता.

डब्याच्या डोळ्यावर दाजींनी एक काळी नळी बसवली होती. तिच्यामुळे ट्रिगरला फक्त कॅमेऱ्यासमोरचंच आभाळ दिसेल, बाजूला चमकलेली वीज दिसणारच नाही, असं त्यांचं म्हणणं. "त्यामुळे माझा एकही फोटो कोरा येणार नाही," त्यांनी सांगितलं होतं. "हा माझा शब्द."

आठवड्याभरात दुपारचं वादळ आलं. गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिन्ही कॅमेरे एकाच दिशेला रोखलेले होते, ट्रिगर चार्जरने प्लगला जोडलेले आणि त्यांच्याशेजारी व्हिडिओ अखंड चालू. वाऱ्याने पत्रा थडथडत होता. मी ट्रायपॉडच्या पायांवर विटा ठेवत होते, तेवढ्यात खाली रस्त्यापलीकडे नजर गेली. बसथांब्याच्या आडोशाला दाजी उभे होते. वर आभाळाकडे बघत होते आणि त्यांचा उजवा हात पँटच्या खिशात होता. वीज चमकली, त्यांचा खांदा हलला. पुन्हा चमकली, पुन्हा हलला. मी कठड्याशी आले तसे ते थांब्याच्या खांबामागे सरकले.

वादळ ओसरल्यावर मी कार्डं काढली. व्हिडिओत कॅमेऱ्यांसमोर सतरा विजा पडलेल्या दिसत होत्या. परदेशीने बारा पकडल्या होत्या, कोरे फोटो सहा. त्याला नळी नव्हती, बाजूच्या विजांनीही तो सुटायचा, त्यामुळे ते समजण्यासारखं होतं. स्वस्ताने तीन. दाजींनी अकरा, आणि कोरे फोटो नऊ.

नऊ फोटोंत नुसतं राखाडी आभाळ होतं. मी व्हिडिओ पुढे-मागे करून पाहिला. त्या नऊ क्षणी समोर काय, बाजूलाही काही चमकलं नव्हतं.

"सांगू का मॅडम?" कोटवाला माझ्या खुर्चीमागे उभा होता. तो कधी आला ते मला कळलं नव्हतं. "हा ट्रिगरच नाही. आत रिमोटचा रिसीव्हर आहे. बाहेर उभं राहून माणूस आभाळ बघतो आणि बटण दाबतो. काही जमतात, काही हुकतात. हुकलेले हे नऊ."

"हाताला जास्त उशीर होतो," मी म्हटलं. "अकरा जमणार नाहीत."

"मोठ्या विजा लांबतात. सवयीने जमतं." त्याने कोटाची बटणं नीट केली. "मी काही म्हणत नाही. तुमच्या घरचं माणूस आहे."

शेवटच्या वाक्याने मला जास्त चिडायला झालं. मी संध्याकाळी दाजींना फोन केला.

"तुम्ही बसथांब्यावर काय करत होतात?"

"बसची वाट बघत होतो."

"स्कूटर सोडून?"

"बरं, बघायला आलो होतो. माझी पोरगी परीक्षेला बसलीय, मी शाळेबाहेर उभा राहणार नाही?"

"खिशात काय होतं?"

"सेल. जास्तीचे. तुमच्या केंद्राचे सेल मरतुकडे निघाले तर म्हणून."

"आणि खांदा कशाला उडत होता?"

"वीज पडली की दचकतो मी! सगळे दचकतात. तू दचकत नाहीस, कारण तुला विजेचीसुद्धा शंका येते."

मी हसले नाही. त्यांना नऊ कोऱ्या फोटोंचं सांगितलं.

"शक्य नाही," ते म्हणाले. आणि मग, आवाज उतरवून, "तुझ्या बाईंना कळवलंस?"

हा प्रश्न त्यांनी विचारायला नको होता. खरा माणूस आधी 'कुठले नऊ' असं विचारेल, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी आभाळ निळंशार होतं. दाजींचा ट्रिगर आणि कॅमेरा मी गच्चीवरून आणून माझ्या खोलीत ठेवला. ट्रिगरच्या नळीला काळी चिकटपट्टी लावली, लेन्सला झाकण घातलं आणि चार्जर लावून दोन्ही चालूच ठेवले. रिसीव्हर असेल तर कधीतरी कुणीतरी बटण दाबेल. दुपारी कार्ड पाहिलं तर त्यावर दोन फोटो होते, काळेकुट्ट. ट्रिगरला काहीही दिसत नव्हतं. आभाळात ढग नव्हता. तरी तो दोनदा सुटला होता.

म्हणजे आत दुसरं काहीतरी होतं.

मी अहवाल लिहायला घेतला. 'तिसऱ्या ट्रिगरच्या बाबतीत' इतकं लिहून झाल्यावर मी थांबले आणि ताईला फोन लावला.

"दाजी कुठे आहेत?"

"माझ्यासमोर बसलेत. का गं?"

"त्यांच्या हातात काय आहे?"

"हे काय विचारणं झालं?"

"सांग ना. दोन्ही हातांत."

"एका हातात पक्कड, दुसऱ्यात माझा मिक्सर. चांगला चालत होता, आता उघडून ठेवलाय. आणि माझा स्टीलचा चौकोनी डबा तुझ्याकडे आलाय का? निळ्या फुलाचा? महिनाभर शोधतेय—"

"ताई, फोन ठेवू नकोस. त्यांच्याकडे बघत राहा."

"ते काय पळून जाणारेत?"

मी डाव्या हातात फोन धरून कॅमेऱ्याकडे बघत बसले. ताई मिक्सरबद्दल बोलत राहिली. दोन-चार मिनिटांनी पंखा मंदावला आणि थांबला. खाली कुणीतरी "गेली!" म्हणालं. त्या आठवड्यात आमच्या रस्त्यावर केबलचं काम चालू होतं, लाइट येत-जात होती. कॅमेरा आणि ट्रिगर बॅटरीवर शांत बसून होते. ताईने दाजींच्या हातातली पक्कड काढून घेतली, असं तिच्या बोलण्यावरून कळत होतं.

मग पंखा हलला. खालून शिपाई ओरडला, "आली!"

आणि कॅमेरा खट् वाजला.

"त्यांचे हात?" मी विचारलं.

"चहाच्या कपावर आहेत. दोन्ही. अगं, झालंय काय तुला?"

मी खोलीचं मुख्य बटण बंद केलं. दहापर्यंत मोजलं, चालू केलं. खट्. पुन्हा तसंच केलं. खट्. मग वादळाच्या दुपारची आमची पुरवठ्याची नोंद संगणकात पाहिली. संगणकाला स्वतःची बॅटरी असते, त्यामुळे त्याला प्रत्येक जाणं-येणं कळतं. त्या दुपारी लाइट नऊ वेळा जाऊन आली होती. वर गच्चीवर ना पंखा ना दिवा, मला पत्ताच नव्हता.

ट्रिगर लाइट आली की सुटत होता. का, ते मात्र कळेना. कोटवाला म्हणाला असता, हीसुद्धा एक युक्तीच. फोटोंची संख्या फुगवायची.

मी डबा पिशवीत घालून थेट दाजींच्या गाळ्यात गेले. ते टेबलाखाली वाकून काहीतरी शोधत होते. मी डबा समोर ठेवला.

"हा लाइट आली की सुटतो."

"सुटणारच," ते खालूनच म्हणाले. "तसाच बनवलाय."

मी स्टुलावर बसले. "मुद्दाम?"

"मुद्दाम म्हणजे? तुमचीच अट आहे." ते वर आले आणि शाळेत कविता म्हणावी तसे म्हणाले, "'वीज गेली तरी यंत्र चालू राहावे, आणि वीज येताच क्षणाचाही विलंब न लावता फोटो घ्यावा.' चौथी अट. पाठ आहे मला. त्यासाठी चार्जरच्या वायरीवर वेगळा रिले बसवला, लाइट आली की आपोआप दाबलं जाणारं बटण. मला वाटलं, लाइट परत आल्यावर कॅमेरा शाबूत आहे की नाही ते तुम्हाला बघायचं असेल. विचित्र आहे, पण सरकारी माणसं विचित्र मागतात. त्या एका रिलेने माझे किती दिवस खाल्ले माहितीये?"

मी ते वाक्य मनात पुन्हा म्हटलं. मी ते आजवर बऱ्याच वेळा वाचलं होतं आणि त्यात मला काही दिसलं नव्हतं. बोलताना आपली लाइट जाते, पण कागदावर वीज जाते. आभाळातून येते तीही वीजच.

"दाजी, पहिली वीज तारेतली आहे. दुसरी आभाळातली."

ते सावकाश खुर्चीत बसले. "एका वाक्यात दोन? आणि ओळखायच्या कशा?"

"पण मग नऊ कोरे म्हटल्यावर शक्य नाही का म्हणालात? लाइट नऊदा आली असेल, हे सुचलं नाही?"

"अगं, ते फोटो मी कोऱ्यात धरतच नव्हतो! ते चौथ्या अटीचे. कोरा म्हणजे विजेसाठी सुटला आणि वीज नाही आली तो." त्यांनी कपाळाला हात लावला. "मला वाटलं, ते वगळून आणखी नऊ आलेत."

"आणि ही लाख?"

आता त्यांनी दाराकडे पाहिलं. वरच्या मजल्यावर ताई भांडी घासत होती. त्यांनी बारीक स्क्रूड्रायव्हरने लाख काढली, चारही स्क्रू काढले आणि झाकण उलटं केलं. बाहेरून काळा रंग होता. आतल्या बाजूने स्टील होतं आणि त्यावर निळं फूल.

"इतका घट्ट बसणारा डबा बाजारात मिळत नाही," ते कुजबुजले. "तिला बोललीस तर खबरदार."

मी आत पाहिलं. एक रिले होता, डोळ्याकडून येणारं सर्किट होतं, बॅटरी होती. रिसीव्हर नव्हता. तरी मी दिवा धरून दोनदा पाहिलं.

"सापडलं काही?" दाजींनी विचारलं.

"नाही."

"वाईट वाटतंय का?"

दुसऱ्या दिवशी मी दाजींना घेऊन बाईंकडे गेले. बाईंनी ऐकून घेतलं, चौथी अट काढली, मोठ्याने वाचली. मग आणखी एकदा, हळू.

"मी 'विद्युतपुरवठा' खोडून 'वीज' केलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, साध्या माणसाला कळेल असं लिहा."

"मी साधाच माणूस आहे," दाजी म्हणाले.

"बाकीच्या दोघांचे ट्रिगर का नाही सुटले मग?" बाईंनी मला विचारलं.

मी कोटवाल्याला फोन करून हेच विचारलं होतं. त्याने सगळ्या अटींपुढे 'होय' लिहिलं होतं. वाचली एकही नव्हती, त्यामुळे चुकायचा प्रश्न आला नाही. स्वस्तवाल्याचं तेच.

बाई हसल्या नाहीत. "ही गोष्ट छान आहे," त्या म्हणाल्या. "फार छान आहे. इतकी की मला ती पटावी म्हणून कुणी रचलेली असू शकेल. रिले काढा. मग कोरे फोटो यायला कारणच उरत नाही. बरोबर?"

"बरोबर," दाजी म्हणाले.

"आणि तरी आले, तर हिने काय लिहायचं ते हिला ठाऊक आहे."

दाजींनी त्यांच्यासमोर रिलेची वायर कापली. डबा बंद झाल्यावर बाईंनी स्क्रूंवर कागदाची पट्टी चिकटवून सही केली. पुढच्या वादळाच्या दुपारी दाजींना त्यांच्या खोलीत बसवायचं ठरलं. मोबाइल ड्रॉवरमध्ये, दोन्ही हात टेबलावर. कोटवाल्यालाही शेजारी बसवा, असं मी म्हटलं. बाईंनी मान हलवली. कोटवाला म्हणाला, "माझा काय संबंध?" पण आला.

ते वादळ उशिरा आलं, कार्यालय सुटायच्या सुमाराला. मी वर शेडमध्ये होते. या वेळी सोबत एक बल्ब नेला होता, लाइट गेली-आली की कळावं म्हणून. बल्ब गेला आणि आला. मी दाजींच्या कॅमेऱ्याला कान लावला. पत्र्यावर पाऊस इतका आपटत होता की काही ऐकू येईना. बल्ब पुन्हा गेला. आला. वीज कडाडली तेव्हा मी दचकले, आणि कुणी पाहिलं नाही ना म्हणून खाली बघितलं. बसथांबा रिकामा होता.

पाऊस थांबल्यावर कार्डं घेऊन मी खाली आले. बाईंच्या खोलीत दोघं टेबलावर हात ठेवून बसले होते, समोर निवलेला चहा. कोटवाल्याने अखेर कोट काढून खुर्चीला अडकवला होता. दाजी माझ्या हातातल्या कार्डांकडे बघत होते.

"इथेच मोज," बाई म्हणाल्या. "सगळ्यांसमोर. नियम तोच, ज्याच्या विजा जास्त तो घ्यायचा."

मी व्हिडिओ सुरू केला. एकेक वीज आली की बाई मोठ्याने आकडा म्हणायच्या आणि मी तिन्ही कार्डांवर तो क्षण शोधायची. मग उरलेले फोटो वेगळे काढले. पुरवठ्याची नोंद पाहिली. शेवटी सगळं पुन्हा एकदा, उलट्या क्रमाने मोजलं.

वादळात लाइट आली: चार वेळा. व्हिडिओत दिसलेल्या विजा: एकोणीस. स्वस्त ट्रिगर: पकडलेल्या चार, कोरे फोटो दोन. परदेशी ट्रिगर: पकडलेल्या चौदा, कोरे फोटो सात. दाजींचा ट्रिगर: पकडलेल्या बारा, कोरे फोटो शून्य.